काळ्या घोड्याभोवतीचं विद्यापीठ

१८४७ साली मुंबईत विद्यापीठ नव्हतं. ते निघायला अजून दहा वर्षं अवकाश होता. त्या वर्षी सरकारी टांकसाळीतले आणि गोदीतले काही तरुण कारागीर एकत्र आले आणि त्यांनी स्वतःपुरतं एक वाचनालय सुरू केलं. पुस्तकांच्या जोडीला यंत्रांचे नमुने आणि इमारतींचे आराखडेही तिथे ठेवायचे, असा त्यांचा बेत होता. दिवसभर यंत्रांशी झटणाऱ्या माणसांना संध्याकाळी निवांत बसून वाचायला एक जागा हवी होती, एवढीच त्यामागची गरज. पुढे बगदादहून येऊन मुंबईत स्थिरावलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी या कामासाठी साठ हजार रुपये दिले आणि १८७० मध्ये मालाडच्या पिवळसर दगडातली देखणी इमारत उभी राहिली. डेव्हिड ससून ग्रंथालय ते हेच. आत शिरताच थॉमस वूलनर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला ससून यांचा पुतळा दिसतो. वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत, मागच्या अंगाला बाग आहे. फोर्टच्या गजबजाटात इतकी सावली आणि शांतता दुसरीकडे क्वचितच मिळेल.

हे ग्रंथालय ज्या काळा घोडा परिसरात आहे, त्याची गोष्ट बहुतेक वेळा विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरपासून सुरू केली जाते. पण शहराचा हा तुकडा कलेचं माहेरघर का झाला, हे समजून घ्यायचं तर त्या कारागिरांपासून सुरुवात केलेली बरी. पैसेवाल्यांनी इथे इमारती बांधल्या हे खरंच. त्या इमारतींच्या पायऱ्यांवर, व्हरांड्यांत, टेबलांभोवती ज्यांना पदवी, पैसा किंवा ओळखपाळख नसतानाही तासन् तास थांबता आलं, त्यांनी या भागाला कलेचा परिसर बनवलं.

विद्यापीठाची स्थापना झाली १८ जुलै १८५७ रोजी. नमुना होता लंडन विद्यापीठाचा, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. सुरुवातीला स्वतःची इमारतही नव्हती, कारभार टाउन हॉलमधून चाले. १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही नावं होती. महाराष्ट्राच्या पुढच्या अर्धशतकाच्या विचारविश्वाचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्या विद्यापीठापाशी त्या वेळी हक्काचं छप्परही नव्हतं.

त्याच सुमाराला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी कोटाची जुनी तटबंदी पाडायला घेतली. तट गेला, खंदक बुजले आणि शहराला एकाएकी मोकळी जमीन मिळाली. पैसाही त्याच वेळी आला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी पदवीदान सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. कापसाच्या सट्ट्यातले अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये आधी ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यायचं. वर्षभरात अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले, बँका बुडाल्या, प्रेमचंदांचंही दिवाळं निघालं. विद्यापीठाला दिलेला पैसा मात्र तोवर सुरक्षित हाती पोचला होता. उधळपट्टीच्या आणि फसव्या कंपन्यांच्या त्या काळाने शहराला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट कोणती, तर ही.

दोन्ही इमारतींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. त्यांनी ते लंडनमध्ये बसून काढले, मुंबईत ते कधी आलेच नाहीत. सभागृह १८७४ मध्ये पुरं झालं. त्याच्या भल्यामोठ्या गोल खिडकीत रंगीत काचांमध्ये बारा राशी उमटवल्या आहेत. ग्रंथालय आणि २८० फुटी मनोरा १८७८ मध्ये तयार झाले. या वास्तूवर होमर आणि शेक्सपिअर यांची दगडी मस्तकं आहेत, तशाच पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांच्या मूर्तीही आहेत. स्कॉट यांचा आराखडा युरोपातल्या चर्चवास्तूंच्या वळणाचा असला तरी पागोट्यांची ठेवण आणि अंगरख्यांच्या चुण्या इथल्याच आहेत. राजाबाई दृष्टीने अधू होत्या आणि सूर्यास्ताआधी जेवण्याचा जैन नेम त्यांना घंटेवरून पाळता यावा म्हणून हा मनोरा बांधला, अशी आख्यायिका मुंबईकर आवडीने सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती ऐकावी, पण ऐकावी जरूर.

या सगळ्या थाटामाटात एक गोष्ट राहून गेली होती. सभागृह होतं पदवी घेण्यासाठी आणि ग्रंथालय होतं वाचण्यासाठी. परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाला वर्गखोल्यांची गरजच वाटली नव्हती. स्वतःचा शिकवणारा विभाग उभा राहायला १९१९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी नगररचनाकार पॅट्रिक गेडिस समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. त्यांच्यानंतर गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो विभाग नावारूपाला आणला आणि इरावती कर्वे यांच्यासारख्या विद्यार्थिनीला संशोधनाची वाट दाखवली. त्याआधीची साठ वर्षं विद्यार्थ्यांचं खरं शिक्षण कॉलेजांत झालं आणि उरलेलं रस्त्याच्या पलीकडे. एल्फिन्स्टन कॉलेज १८८८ च्या सुमारास भायखळ्याहून ससून ग्रंथालयाच्या शेजारच्या इमारतीत आलं. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये बी. ए. झाले ते याच कॉलेजातून.

चार पावलांवर वॉटसन्स हॉटेल होतं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडलेला. ७ जुलै १८९६ रोजी या हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या माणसाने हलत्या चित्रांचा खेळ केला, तिकीट एक रुपया. भारतातला सिनेमाचा हा पहिला खेळ. त्यानंतर थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले. ते पाहून भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. छायाचित्रणाच्या धंद्यातले हे गृहस्थ सावेदादा म्हणून ओळखले जात. त्यांनी थेट इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. दोन वर्षांनी केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं मुंबईने जे स्वागत केलं, तेही त्यांनी फिल्मवर टिपलं. भारतीय माणसाने केलेला हा बहुधा पहिलाच बातमीपट. त्याचा नायक गणिताचा विद्वान आहे, ही गोष्ट मुंबई विद्यापीठाने आणि मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. कोकणातल्या मुर्डीच्या मुलाचा गणितातला पराक्रम पाहायला लोक गर्दी करतात आणि एक मराठी छायाचित्रकार ती गर्दी कायमची जपून ठेवायला धावतो, असा तो काळ होता.

परिसराला नाव देणारा चौकातला घोडा तोवर येऊन बराच काळ लोटला होता. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळा जोसेफ एडगर बोम यांनी घडवला आणि डेव्हिड ससून यांचे चिरंजीव अल्बर्ट यांनी १८७९ मध्ये शहराला भेट दिला. पुतळा राजपुत्राचा होता, पण लोकांच्या तोंडी बसला तो घोडाच. १९६५ मध्ये पुतळा हलवला गेला. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत आहे.

पुढच्या राजपुत्राने, म्हणजे नंतरच्या पाचव्या जॉर्जने, ११ नोव्हेंबर १९०५ रोजी चौकासमोर वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. घुमटासाठी त्यांनी विजापूरच्या गोल घुमटाकडे पाहिलं, दगड कुर्ला आणि मालाडच्या खाणींचा घेतला. इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. दालनांत मूर्ती मांडायच्या, तिथे जखमी सैनिकांच्या खाटा आल्या. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी. शेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ मध्येच विकत घेतला होता, पुढे सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांची भर पडली. १९९८ पासून या संस्थेचं नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. सदाशिव गोरक्षकर १९७४ पासून दोन दशकांहून अधिक काळ इथे संचालक होते. संग्रहालयशास्त्र हा विषय मराठी वाचकापर्यंत नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. अलीकडे या संग्रहालयाची बस गावोगावच्या शाळांच्या आवारात जाऊन उभी राहते. फोर्टात येणं ज्यांना जमत नाही त्यांच्यापर्यंत वस्तू नेण्याची ही कल्पना टांकसाळीतल्या त्या कारागिरांना नक्की पटली असती.

समोरचं कावसजी जहांगीर सभागृहही विटेट यांचंच, १९११ चं. संगीताचे जलसे, राजकीय सभा, व्याख्यानं यांनी ते अनेक वर्षं गाजलं, मग मरगळलं आणि १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय होऊन पुन्हा उभं राहिलं. जहांगीर आर्ट गॅलरीही याच घराण्याची देणगी. नंतरच्या पिढीतल्या सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या स्मरणार्थ ती बांधून दिली आणि १९५२ च्या जानेवारीत ती खुली झाली. विद्यापीठाचं सभागृह, विटेट यांचं सभागृह आणि ही गॅलरी अशी एकाच घराण्याची तीन मोठी दानं दहा मिनिटांच्या चालीत पाहता येतात.

गॅलरी आली तेव्हा चित्रकार आधीच हजर होते. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून प्रदर्शनं भरवत होती आणि तिचं दालन रॅम्पार्ट रो या रस्त्यावर होतं. १९४९ मध्ये याच दालनात सहा तरुणांनी आपली चित्रं-शिल्पं मांडली. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातल्या साळगावचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेले. मकबूल फिदा हुसेन पंढरपुरात जन्मलेले, सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलेले. हरी अंबादास गाडे विदर्भातल्या तळेगावचे, सय्यद हैदर रझा मध्य प्रांतातले, सदानंद बाकरे मुळात शिल्पकार. आणि कृष्णाजी हौलाजी आरा. सिकंदराबादजवळच्या बोलारमहून लहानपणी पळून मुंबईला आलेला हा मुलगा साहेबांच्या घरी घरगडी होता, मोटारी धुवायचा, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेला. उरलेल्या वेळात तो चित्रं काढायचा.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची ही माणसं आज लिलावांतल्या कोटींच्या आकड्यांनी ओळखली जातात, याचं वाईट वाटतं. आरांच्या चित्रांकडे आधी कुणाचं लक्ष गेलं, तर रुडी फॉन लायडेन यांचं. हिटलरच्या जर्मनीतून निसटून मुंबईत आलेले हे गृहस्थ वर्तमानपत्रात कलासमीक्षा लिहीत. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर हेही असेच परागंदा झालेले. युरोपातून हाकलले गेलेले तिघे आणि घरातून पळालेला, शाळेतून काढलेला, फूटपाथवर रंगांचे डबे घेऊन बसलेला असे हे तरुण फोर्टच्या चार गल्ल्यांत एकमेकांना भेटले. ही भेट कुठल्याही संस्थेने घडवून आणली नव्हती. सूझा १९४९ मध्येच लंडनला गेले, पुढे रझा पॅरिसला, बाकरेही लंडनला. बाकरे उतारवयात कोकणात, मुरूडला येऊन राहिले. आरा मात्र इथेच थांबले आणि रॅम्पार्ट रोवरच्या आर्टिस्ट्स सेंटरचं काम त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. नवख्या पोरांना प्रदर्शनासाठी भिंत मिळावी, ही त्यांची तळमळ होती. मोठं होऊन निघून गेलेल्यांइतकंच मोल मागे राहून दार उघडं ठेवणाऱ्याचं असतं.

जहांगीरमध्ये प्रवेशाला पैसे लागत नाहीत. या एका नियमाने केवढं काम केलं आहे! कोर्टाची तारीख पडलेला पक्षकार, परीक्षा आटोपलेला विद्यार्थी, चर्चगेटची गाडी पकडण्याआधी अर्धा तास हाती असलेला कारकून, असे कितीतरी लोक आयुष्यातलं पहिलं चित्र इथे पाहून गेले. १९६३ मध्ये केकू गांधी यांनी गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड सुरू केली. मूळ व्यवसाय चित्रांच्या चौकटी बनवण्याचा, पण चौकटीआड असलेल्या माणसांवर त्यांचा जास्त जीव. १९७५ मध्ये याच केमोल्डमध्ये डहाणू भागातल्या जिव्या सोमा म्हसे यांची वारली चित्रं लागली. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यापाड्यांतून हिंडून ही कला आणि हा कलावंत जगासमोर आणला होता. लग्नाच्या चौकापुरती, बायकांच्या हातची मानली जाणारी रेघ एका पुरुषाने रोजची केली होती. गेरूच्या भिंतीवरचं तांदळाच्या पिठाचं ते जग कागदावर उतरून फोर्टात आलं, आणि पुढे ते कुठवर पोचलं हे सर्वांनाच ठाऊक आहे.

तळमजल्यावर १९६४ पासून सामोवार होतं. उषा खन्ना यांनी चालवलेलं, आगगाडीच्या डब्यासारखं अरुंद उपाहारगृह, एका अंगाला संग्रहालयाची बाग. भरलेले पराठे, भजी आणि पुदिन्याचा चहा. एका चहावर दुपार काढणाऱ्याला इथे कुणी उठवत नसे. वकील, नट, पत्रकार, कॉलेजातली जोडपी, भिंतीवरची चित्रं विकली जातील की नाही या काळजीत असलेले चित्रकार, सगळे त्या चिंचोळ्या जागेत खांद्याला खांदा लावून बसत. कलेच्या इतिहासात उपाहारगृहांची नोंद तळटिपेत होते. सामोवारचा उल्लेख मुख्य मजकुरात व्हायला हवा.

रस्त्यापलीकडे वेसाइड इन हे उपाहारगृह होतं. बाबासाहेबांनी राज्यघटनेच्या मसुद्याचं काही काम इथल्या टेबलावर केलं, असं सांगतात. अरुण कोलटकरांचं बसणं मात्र पुस्तकात उतरलेलं आहे. वर्षानुवर्षं ते इथे मित्रांबरोबर येत, खिडकीशी बसून समोरचा तिठा न्याहाळत. वाहनतळाचा तो त्रिकोणी तुकडा, कुत्री, कचरा वेचणाऱ्या बायका, सकाळी इडलीच्या टोपाभोवती जमणारे बेघर लोक, हे सारं त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये आलं. २००४ मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने ते पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलटकर गेले. गॅलऱ्या, संग्रहालय, विद्यापीठ हा सगळा वैभवी देखावा पाठीशी ठेवून त्यांनी नजर फूटपाथवर रोखली. या परिसरावर लिहिलेलं याहून अस्सल काही सापडणं कठीण आहे.

कोपऱ्यावर ऱ्हिदम हाऊस हे तबकड्यांचं दुकान होतं, चाळीसच्या दशकात निघालेलं. विकत घेण्याआधी तबकडी ऐकायला तिथे छोट्या कोठड्या होत्या. खिशात पैसे नसतानाही अनेकांनी तिथे उभ्याने संगीताचे संस्कार करून घेतले. आणि विद्यापीठापासून जवळच, फ्लोरा फाउंटनपासून चर्चगेटच्या दिशेने, जुन्या पुस्तकांचे ढीग मांडून बसणारे विक्रेते. पाठ्यपुस्तकं, परदेशी मासिकं, कुणा दिवंगत वकिलाच्या घरातून आलेली कायद्याची पुस्तकं, मधूनच एखादी दुर्मीळ पहिली आवृत्ती. या विक्रेत्यांना पुस्तकं वाचता येत असोत वा नसोत, किंमत त्यांना बरोबर कळे. त्या फूटपाथवर ज्यांचं घरचं ग्रंथालय उभं राहिलं अशा प्राध्यापकांची एक पिढीच आहे.

मग एकेक जागा गेली. विद्यापीठाचे बरेच विभाग सत्तरच्या दशकापासून कलिन्याला हलले आणि फोर्टातली विद्यार्थ्यांची वर्दळ ओसरली. २००५ मध्ये महापालिकेने अनेक पुस्तकवाल्यांना हटवलं. ३१ मार्च २०१५ रोजी सामोवार बंद झालं. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी ऱ्हिदम हाऊस. वेसाइड इन त्याआधीच इतिहासजमा झालं होतं. वॉटसन्स हॉटेलची इमारत, आताची एस्प्लनेड मॅन्शन, मोडकळीला आल्याने २०१९ मध्ये रिकामी करण्यात आली.

याउलट दगडी वास्तूंचं मात्र बरं चाललं आहे आणि ते आनंदाचंच आहे. काळा घोडा असोसिएशन १९९८ मध्ये स्थापन झाली, पुढच्याच वर्षी तिचा कलामहोत्सव सुरू झाला आणि आता दर वर्षी महोत्सवाच्या दिवसांत रॅम्पार्ट रोवर चालायला जागा उरत नाही. राजाबाई टॉवरच्या रंगीत काचा आणि कोरीवकाम पुन्हा उजळलं. २०१७ मध्ये चौकात नवा काळा घोडा आला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला, स्वाराविना. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

जपणूक इमारतींची होते, बसण्याची होत नाही, ही यातली खरी उणीव आहे. वारशाच्या यादीत कमानी आणि घुमट येतात. एका चहावर मिळणारी दुपार, उभ्याने वाचलेलं अर्धं पुस्तक, पैसे न देता ऐकलेली तबकडी यांच्यासाठी कुठला नियम नाही. तो करता मात्र येईल. फ्लोरा फाउंटनजवळचा फूटपाथ पुस्तकवाल्यांना ठरावीक जागा आखून, परवाने देऊन पुन्हा देता येईल. एस्प्लनेड मॅन्शन जेव्हा केव्हा दुरुस्त होईल तेव्हा तिचा एक मजला भाड्याच्या हिशेबातून वगळून, जुने चित्रपट दाखवणाऱ्या छोट्या सभागृहासाठी आणि वाचनालयासाठी राखता येईल. सावेदादांचं नाव त्याला शोभेल. कलिन्याहून लोकलने येणाऱ्या मुलामुलींना तिथे ओळखपत्र न विचारता आत सोडलं, तर पुढची तरतूद करायला मुंबईत अजूनही देणगीदार सापडतील.